नुसते हात
तो फाटकाला लाथा घालत होता आणि त्याची बायको स्वयंपाकघरात माझ्या हाताला हिसके देत होती.

"मले जाऊ द्या, मावशी. नाही तर तो तुमाले मारन."

"आधी तुला मारेल. बस खाली," मी म्हणाले. कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. त्याच्या हातातला कोयता मला खिडकीतून दिसला होता.

बिबवेवाडीतल्या त्या घरात मी स्वयंपाकाला होते. मारहाणीला कंटाळून पळून आलेल्या बायका तिथे राहत. दारावर पाटी नव्हती. पत्ता कोणाला सांगायचा नाही, हा पहिला नियम. ही वऱ्हाडातून आलेली. नवरा शोधत होता, पण त्याला माग लागत नव्हता.

मग संक्रांत आली. आम्ही हळदीकुंकू केलं. विधवा, टाकलेल्या, सगळ्यांना कुंकू लावलं. एका कॉम्प्युटर कंपनीने शिलाई मशिनं दिली होती, त्यांना फेसबुकवर फोटो हवे होते. मी म्हटलं, "भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो, तो नाही फोटो मागत."

संस्थेच्या ताई हसल्या. शिकलेल्या, मनाने चांगल्या. "अहो मावशी, चेहरे घेतच नाही. नुसते तिळगूळ घेणारे हात."

हातच घेतले. तिच्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं. तिच्याकडे लग्न झालं की गोंदतात. शेजारी तिळगुळाचा पुडा, त्यावर कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव आणि पत्ता. आम्ही सगळ्यांनी फोटो पाहिला आणि छान आलाय म्हणालो. फिरत फिरत तो तिच्या गावात पोचला. नवरा त्या दुकानात आला, बहिणीला भेटायचंय म्हणाला. दुकानदाराने आमच्या घराकडे बोट दाखवलं.

ताई पोलिसांना फोनवर फोन करत होत्या. समोरच्या सोसायटीतली माणसं जमली. एकजण मोबाईलवर शूटिंग करत होता. मी खिडकीतून ओरडले, "अहो, ते खिशात घाला आणि त्याला धरा!"

"धरतो, धरतो," तो म्हणाला. शूटिंग चालूच.

पोलिसांनीच धरला शेवटी. ताईंनी फोटो काढून टाकला. पण तोवर तो कोणाकोणाच्या फोनमध्ये गेला होता, ते ताईंनाही सांगता येईना. संध्याकाळच्या आत तिला दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरलं. निघताना तिने ताईंना विचारलं, "तिथं तरी फोटो नाही ना काढनार?"

"मी सांगते त्यांना," ताई म्हणाल्या. तिने गोंदलेला हात पदराखाली घेतला.

नवरा पुढे जामिनावर सुटला. अजूनही कुणी फोन उंचावला की मी आधी बघते, मागे कोण उभं आहे. दिवाळीत तिचा फोन येतो. गाव मी विचारत नाही.

त्या दिवशी बाकीच्या कामावर गेलेल्या, आत आम्ही तिघीच होतो. ती, ताई आणि मी. तिघी जिवंत आहोत.