शाहबाज नेटवाला आणि सुरतेचा पत्ता

शाहबाजला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. विसरवाडीच्या फाट्यावर माझी, अनुसयाबाईची, चहाची टपरी. शेजारी त्याच्या बापाचं, सलीमभाईचं, पंक्चरचं दुकान. दुकानामागे त्यांचं घर, आणि त्या घराची मागची खिडकी थेट माझ्या शेगडीजवळ उघडते. त्या घरात कोणी शिंकलं तरी मला कळतं. पण शाहबाज चहा प्यायचा तो उभ्यानं, एक हात मोटारसायकलच्या हँडलवर ठेवून. मी म्हणायची, "अरे भो, बूड टेक जरा. बाकड्याला काय काटे आहेत?" तर म्हणणार, "मावशी, टाइम नही." आणि अर्धा चहा तसाच टाकून सुसाट निघून जाणार.

गाव त्याला नेटवाला म्हणतं. आधी तो केबल टीव्हीची वायर ओढायचा. मग टीव्ही कोणी बघेना, तेव्हा त्याच खांबांवरून इंटरनेटची वायर ओढली. गाडीला शिडी आडवी बांधायची आणि दिवसभर गावात घिरट्या घालायच्या. कुठे उसाच्या ट्रकनं वायर तोडली, कुठे माकडांनी लोंबकळून तोडली. हा ट्रकवाल्याशी भांडणार आणि माकडांशीही भांडणार. नेट चालत नाही असं कोणी म्हटलं की याचं उत्तर ठरलेलं, "मन्हं नेट टकाटक शे, तुमना फोनच खराब शे!" मलासुद्धा असंच म्हणाला होता मेला.

त्याची धाकटी बहीण रिम्शा. पोरगी गणितात अशी तल्लख की माझा दिवसाचा हिशोब ती खिडकीतूनच तोंडी करून द्यायची. नाशिकच्या एका शिकवणीच्या कंपनीला घरबसल्या शिकवणाऱ्या बाया पाहिजे होत्या. अट एकच, खऱ्या मुलांसमोर एक वर्ग घेऊन दाखवायचा. सलीमभाई पोरीला नोकरीला बाहेर धाडायला राजी नव्हते, पण घरातल्या घरात आहे म्हटल्यावर हो म्हणाले. पोरगी हरखली. भिंतीवर पांढरा फळा ठोकून घेतला, ओढणी नीट केली आणि ठरल्या वेळी लॅपटॉपसमोर जाऊन बसली.

एकही मूल आलं नाही. तास संपल्यावर नाशिकहून मॅडमचा फोन. "मुलं तुमची वाट बघत होती. तुम्ही का आला नाहीत?" रिम्शा म्हणाली, "मॅडम, मी तर बसलेच आहे." "आम्हाला तर दिसला नाहीत." दुसऱ्यांदा वर्ग ठेवला, तर पुन्हा तेच. ती इकडे एकटी, मुलं तिकडे एकटी. मॅडम म्हणाल्या, आता शुक्रवारी शेवटचा वर्ग. तेव्हाही आला नाहीत, तर राहू द्या.

सलीमभाईंचं टाळकं फिरलं. म्हणाले, बास झाले हे खेळ. शुक्रवारी नाही जमलं तर सुरतेला खालाकडे, म्हणजे तिच्या मावशीकडे, जायचं, साड्यांना फॉल लावायला. तिथे रिम्शा एकदा महिनाभर राहून आलेली होती. बिनखिडकीची खोली, आणि दिवसभर मान खाली घालून सुई चालवायची. परत आली तेव्हा मला म्हणाली होती, "मावशी, तिथं मी आकडेसुद्धा विसरले." तिला तिथे पुन्हा जायचं नव्हतं. एवढंच तिचं मागणं होतं.

शाहबाजच्या अंगात तर वारंच शिरलं. त्याच्या नेटवर त्याचीच बहीण दिसत नाही म्हणजे काय! खांबापासून घरापर्यंतची वायर बदलली. घरातला नेटचा डबा बदलला. भर उन्हात शिडीवर चढून जोड नव्यानं केले. स्पीड तपासला तर घोड्यासारखा. खाणं नाही, पिणं नाही, नुसता दुकान ते खांब आणि खांब ते दुकान. त्याला बघून मलाच घेरी यायची. आणि बुधवारी खिडकीतून त्याचा आवाज आला. घरात ते आपसांत हिंदीत बोलतात, मी माझ्या भाषेत सांगते. "नेटला नाव ठेवू नकोस. तूच घाबरतेस आणि बंद करून टाकतेस!" सलीमभाईही तिथेच होते. मला असा संताप आला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मी त्याला मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. त्याला कळलंसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी तो पुन्हा आला, डोळे तांबारलेले. रिम्शाचा वर्ग त्यानं घरच्याच नेटवर आपल्या फोनवर उघडला होता. "मावशी, पाह्य ना, काय दिसी ऱ्हायनं?"

मी हात पुसले, चष्मा लावला. रिकामी चौकट, खाली एक ओळ. "थोडी वार राह जुओ," मी वाचून दाखवलं. "जरा थांब म्हणतंय. तुझ्यासाठीच लिहिलंय बघ."

तो हसला नाही. फोनकडे टक लावून म्हणाला, "मावशी, हाई गुजरातीमा शे."

"मग? माझ्या चहापत्तीच्या पुड्यावर पण गुजरातीच आहे."

खरंच सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमचं गाव गुजरातला खेटून. बिस्किटाच्या पुड्यावर गुजराती, बसच्या पाटीवर गुजराती, औषधाच्या बाटलीवरही गुजराती. आम्ही वाचतो आणि पुढे जातो. रिम्शानंही तेच केलं होतं. मॅडमनी फोनवर विचारलं होतं, तुम्हाला काय दिसतंय? ही म्हणाली, जरा थांबा असं येतंय. मॅडमना वाटलं, बरोबर आहे. नाशिकच्या पोरीला अशी गुजराती ओळ दिसली असती तर तिनं पहिल्याच दिवशी बोंब ठोकली असती. आमच्या पोरीनं मुकाट्यानं मनात मराठी केलं आणि वाट बघत बसली.

"नाशिकनी कंपनी गुजरातीमा का बोली?" शाहबाज स्वतःशीच म्हणाला, आणि एकदम कपाळावर हात मारला. "अरे देवा! मन्हीच चूक शे!"

मग त्यानं मला समजावलं, तेही उभ्यानंच. वेबसाइटचं नाव एक असतं, पण ती बसलेली असते जागोजागी. आपण नावानं पत्ता विचारला की सांगणारा बघतो, विचारणारा कुठला आहे, आणि त्याच्या जवळच्या जागेचा पत्ता देतो. मी म्हटलं, इश्श, यात काय मोठं, हे तर मी रोज करते. गोकुळ ढाबे दोन आहेत, एक कोंडाईबारी घाटाकडे, एक नवापूरच्या अंगाला. ड्रायव्हरनं विचारलं की मी आधी ट्रकचं तोंड कुठे आहे ते बघते.

"बराबर!" तो म्हणाला. "पण मी पत्ता इचाराले माणूस ठेवेल शे सुरतना."

झालं होतं असं. धंदा सुरू केला तेव्हा त्याची लाइन सुरतेहून यायची. पुढे ती धुळ्याकडून आली, पण पत्ता विचारायचा नंबर सुरतेचाच राहिला, कारण तो याला तोंडपाठ होता. प्रत्येक घरातल्या डब्यात त्यानं तोच घातला. आमच्याकडे कापड सुरतेचं, गाड्यांचे पार्ट सुरतेचे, जावईसुद्धा सुरतेचे. पत्ताही सुरतेचा, तर बिघडलं कुठे? बिघडलं ते इथे, की त्या कंपनीचे गुजरातचे वर्ग वेगळ्या जागी भरत आणि महाराष्ट्राचे वेगळ्या. मुलं नाशिकच्या वर्गात, आणि आमची रिम्शा त्याच नावाच्या सुरतेकडच्या वर्गात. बाप तिला सुरतेला धाडायला निघाला होता, आणि भावानं तिला आधीच तिथे नेऊन बसवलं होतं.

तो पळतच घरात गेला. नंबर बदलायला किती वेळ लागतो? माझं दूध उतू जाईपर्यंत तो बाहेर आला होता. दुपारी वर्गाची वेळ झाली. सलीमभाईंनी टायर ठोकणं थांबवलं. शाहबाज टपरीपुढे येरझाऱ्या घालत होता, हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकवर खेकसत होता, पुन्हा खिडकीशी येत होता. माझाही जीव नुसता टांगणीला.

आणि आतून मुलांचा गलका आला. आई गं! माझ्या अंगावर काटाच आला. गुड आफ्टरनून मॅडम, एका सुरात. त्या गलक्यातून एका पोराचा आवाज वर निघाला, "मॅडम, तुम्ही मागच्या वेळी का नाही आलात? आम्ही किती वाट बघितली."

रिम्शा म्हणाली, "आले होते रे. तास संपेपर्यंत बसले होते. मीही तुमचीच वाट बघत होते." आणि फळ्याकडे वळून अपूर्णांक सुरू केले.

शाहबाजनं ते ऐकलं. तो आला आणि माझ्या बाकड्यावर बसला. चक्क बसला! दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. मी चहा ठेवला, दोन चमचे साखर घालून. थट्टा करायची हजार वेळा ठरवलेली होती, पण त्याच्याकडे बघितलं आणि ती राहूनच गेली. मेल्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

तास संपला. रिम्शा हसत दारात आली, ओढणीला फळ्यावरच्या शाईचे डाग. भावाला बाकड्यावर बसलेलं बघितलं आणि तिचं हसणं जागच्या जागी विरलं.

"भाई, काय झालं? नेट गेलं का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग कसंबसं म्हणाला, "तू आलेली होतीस, रिम्शा."