जिभेखालची नळी

केंजेगुलने गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांची तोंडं पाहिली होती. कुणाचे किती दात उरलेत, कुणाचा घसा धरलाय, कोण दारू पिऊन वर कांदा खाऊन आलाय, हे तिला माणूस दारात उभा राहिला की कळायचं. किरगिझ मुलखात, आत-बाशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि नर्स केंजेगुल. डॉक्टर तालुक्याहून अधूनमधून येई, बर्फ पडलं की तेही बंद. एकच तोंड तिने कधी आतून पाहिलं नव्हतं. ते तिच्या सासऱ्याचं, जेकशेनचं, आणि ते रोज तिच्याच हातचा चहा पीत तिच्यासमोर बसलेलं असे.

सुनेने सासऱ्याकडे नजर वर करून बघायचं नाही, त्याच्याकडे पाठ करून खोलीबाहेर जायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. जेकशेन हे नाव रविवारच्या नावावरून पडलेलं, म्हणून केंजेगुल रविवारसुद्धा म्हणत नसे. ‘बाजाराच्या दिवशी या, टाके काढते,’ असं ती रोग्यांना सांगे आणि सगळ्यांना ते बरोबर समजे. सासराही तसाच मर्यादा पाळणारा. सुनेपुढे त्याने कधी जांभईसुद्धा दिली नाही. इंजेक्शन टोचून घ्यायचं झालं तर घोड्यावर बसून शेजारच्या गावी जाई. घरात नर्स असून परगावी सुई टोचून घेणाऱ्या या माणसाचं गावाला कौतुक होतं. हे असलं कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं, पण ते असो.

जेकशेनला गावात मान होता तो त्याच्या दुव्यामुळे. बारसं असो, लग्न असो, घोडा विकत घेतलेला असो, दोन्ही तळवे वर करून दुवा द्यायला त्यालाच पुढे बसवत. आवाज भरदार, शब्द मोजके. दुवा संपला की लोक तोंडावरून हात फिरवून म्हणत, आता काम झालं.

पहिल्यांदा सूज आली ती केंजेगुलने चहाच्या समोवारजवळ बसून, खाली घातलेल्या डोळ्यांनीच पाहिली. दस्तरखानाचं कापड पसरलं, भाकरी मोडली, आणि सासऱ्याच्या उजव्या जबड्याखाली अक्रोडाएवढा फुगा वर आला. जेवण आटोपून दस्तरखान उचलला तसा हळूहळू बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला निदानाला वेळ लागला नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि सासूला, कालबुबूला, खिडकीपाशी घेऊन तिने स्वतःची जीभ टाळूला लावून दाखवली.

जिभेखाली मधोमध जी शीर ताणलेली दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारके उंचवटे असतात. तीच नळ्यांची तोंडं. जबड्याखालच्या ग्रंथीत लाळ तयार होते आणि बोटभर लांबीच्या नळीतून तिथवर चढत येते. गालातल्या ग्रंथीची नळी वेगळी, ती वरच्या दाढेसमोर उघडते. तिची लाळ पातळ, वाहायला सोपी. जबड्याखालची मात्र दाट, आणि तिला चढावावरून यायचं, म्हणून खडा धरतो तो बहुधा तिच्यातच. भाकरी दिसली की ग्रंथी लाळ सोडते, पुढे वाट बंद, मग ती तिथेच तुंबून फुगते. हे सगळं केंजेगुलने सांगितलं. मग म्हणाली, ‘आपा, आता मी आंबट कुरुत मनात आणते, बघा.’ आणि कालबुबूच्या देखत सुनेच्या जिभेखाली दोन थेंब टपोरे उभे राहिले.

‘अगं बया,’ कालबुबू म्हणाली, ‘ही तर दुभती गाय निघाली.’

औषध सासूच्या मार्फत गेलं. वाळवलेल्या आंबट दह्याचे गोळे, ते कुरुत, दिवसभर चघळायचे, पाणी भरपूर प्यायचं, जबड्याखालून पुढे अंगठ्याने चोळायचं. नळीच्या तोंडाशी पांढरं काही दिसलं तर तो खडा, त्याला नख लावायचं नाही, आपोआप येईल. आला. कालबुबूने तळहातावर आणून दाखवला, जवाच्या दाण्याएवढा. घरात हसणंखिदळणं झालं. केंजेगुलने निरोप दिला की नळी कोरडी पडू देऊ नका, लाळ वाहती राहिली पाहिजे.

घात झाला तो इथे. जेकशेनने निरोप मनावर घेतला. तोंडाला सगळ्यात जास्त पाणी कशाने सुटतं हे त्याला तरुणपणापासून माहीत होतं. नस्वाय. तंबाखू, चुना आणि राख यांची हिरवी चिमूट जिभेखाली दाबली की थुंकी आवरत नाही. आधी तो दिवसातून एखाददुसरी चिमूट घेई, तीही पाठ फिरवून. आता औषध म्हणून सकाळपासून चालू झाली, आणि बरोबर त्याच जागी, नळीच्या तोंडावर.

कालबुबूने हे सुनेला मोठ्या कौतुकाने सांगितलं. नस्वायने काय होतं ते केंजेगुलने शिकताना पाहिलं होतं. पण सासऱ्याच्या तोंडात नस्वाय असते हे सुनेला माहीतच नसतं, अशी रीत. जे माहीत नाही त्याला मना कसं करायचं? ती सासूला एवढंच म्हणाली, की चुन्याने तोंड सोलवटतं, कमी केलेलं बरं.

‘हे तू सांगणार त्यांना?’

‘तुम्ही सांगा.’

‘सांगते,’ म्हणाली कालबुबू. सांगितलं की नाही, कुणास ठाऊक.

काही वर्षांनी ऐन हिवाळ्यात सूज परत आली, त्याच बाजूला. जेवायला बसलं की फुगायची. सगळ्या घराने सुटकेचा श्वास सोडला, कारण हे दुखणं ओळखीचं होतं. कालबुबूने चष्मा लावून, दिवा धरून नवऱ्याच्या जिभेखाली पाहिलं आणि सुनेला आनंदाने सांगितलं, की पांढरं दिसतंय, खडा तोंडाशी आलाय. पांढरं म्हणजे खडा, हे केंजेगुलनेच शिकवलेलं. कुरुताची पिशवी पुन्हा निघाली. रशियात बांधकामावर गेलेल्या केंजेगुलच्या नवऱ्याला, रिसबेकला, फोनवर कळवलं तर तो म्हणाला, बरं झालं, साधंच आहे.

केंजेगुलचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. ही सूज जेवणानंतर पुरती बसत नव्हती. सासरा एकाच बाजूने चावत होता. भाकरीचा तुकडा चहात बुडवल्याशिवाय घेत नव्हता, आणि पेला परत आला की त्याच्या काठाला कधीकधी तांबूस डाग असे. तिने सासूला धीर करून विचारलं, मी एकदा बघू का?

‘काय बघू?’

‘तोंड.’

‘सून सासऱ्याच्या तोंडात डोकावणार? बाई, उद्या मला पाणवठ्यावर जायचंय.’

जेकशेन पलीकडच्या खोलीत होता. त्याने ऐकलं. तो उठला, टोपी घातली आणि घोड्यांकडे निघून गेला. जेवायलाही उशिरा आला, सून भांडी घासायला गेल्यावर. केंजेगुल शरमेने मेली. मग मेंढ्या व्यायला लागल्या, गावात गोवर आला, आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. तिला राग येत होता, भीती वाटत होती, आणि तरी ती रोज डोळे खाली घालून चहा ओतत राहिली.

वसंतात शेजाऱ्यांच्या नातवाला पाळण्यात घातलं. जेकशेनला पुढे बसवलं. त्याने तळवे वर केले आणि दुवा सुरू केला, पण जीभ उचलेना. शब्द ओले, सैल, एकमेकांत कालवलेले. लोकांनी खाली बघत तोंडावरून हात फिरवले. बाहेर वाडगे धूत बसलेल्या केंजेगुलने ते ऐकलं. खडा जिभेला बांधून ठेवत नाही. तिने वाडगा तसाच टाकला आणि घरी जाऊन दवाखान्याची बॅटरी आणि हातमोजे काढून ठेवले.

सकाळी ती सासऱ्यासमोर जाऊन ताठ उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

‘डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?’ कालबुबू म्हणाली.

‘आपा, तुम्ही जरा गप्प बसा. अताके, तोंड उघडा.’

जेकशेनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कान लाल झाले होते. त्याने डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं.

डावा उंचवटा जागेवर होता, त्यावर लाळेचा स्वच्छ थेंब. उजवा नव्हताच. त्या जागी कडा उचललेली जखम होती, भोवती पांढरं, आणि ती जिभेच्या मुळाशी गेलेली. तिने बोटाने चाचपलं. खडा बोटाखाली सरकतो, हे सरकत नव्हतं. मानेत एक गाठ लागली, तीही घट्ट बसलेली.

‘खडाच ना?’ त्याने विचारलं.

‘नाही, अताके.’

बिश्केकच्या मोठ्या इस्पितळात अर्धी जीभ आणि जबड्याखालचं सगळं काढलं, मग किरणं दिली. तिथल्या डॉक्टरने किती दिवसांचं दुखणं म्हणून विचारलं. तिने खरं ते सांगितलं. घरात कुणाला कळलं नाही का, त्याने विचारलं. घरात मी नर्स आहे, ती म्हणाली.

किरणांनी उरलेल्या नळ्या सुकवल्या. लाळ म्हणजे काय हे ती नसली की समजतं. भाकरीचा घास टाळूला लोकरीसारखा चिकटे, ना विरघळे, ना चव लागे, ना खाली उतरे. ओठ दातांना चिकटत. किरगिझ माणूस कुणाच्या दारात शिरला की भाकरीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय परत फिरत नाही, आणि जेकशेनला तो तुकडा गिळता येईना, म्हणून त्याने कुणाच्या दारात शिरणंच सोडलं. दुवा द्यायला आता दुसऱ्या कुणाला बसवत. पानगळीत मानेत पुन्हा गाठ आली, आणि या खेपेला बिश्केकवाल्यांनी त्यांना घरी पाठवलं.

आता केंजेगुल तासातासाला चमच्याने त्याचं तोंड ओलं करी. हातातला चमचा दिसला की तो तोंड उघडी. लाजणं कधीच सुटलं होतं. त्याचं बोलणं घरात फक्त तिला कळे, कालबुबूलाही नाही.

एका दुपारी त्याने चमचा हाताने थोपवला आणि सावकाश, एकेक शब्द सोडवत विचारलं, ‘त्या हिवाळ्यात दाखवलं असतं, तर?’

कालबुबूने भिंतीशी बसून सुनेकडे पाहिलं. तिला प्रश्न कळला नव्हता, पण सुनेचा चेहरा कळत होता. खोटं बोलणं सोपं होतं. लग्न होऊन आल्यापासून केंजेगुल या माणसापुढे मर्यादेने गप्पच राहत आली होती, अजून एकदा गप्प राहिली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

‘तर वाचला असतात, अताके,’ ती म्हणाली.

जेकशेनने तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली, हात खाली घेतला आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.