हळदीच्या पट्ट्या आणि सात घागरी

तुमच्या आईचे केस लहानपणी कसे होते, असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. दाट आणि कुरळे होते. वाळले की खांद्यावर टेकायचे नाहीत, बाजूला उभे राहायचे. ते सरळ करायच्या नादात एका रविवारी सकाळी मी ते जवळजवळ घालवलेच होते. फोनवर हे सांगताना माझा क्रम चुकतो, म्हणून लिहिते.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तुमचे आजोबा नांदेडहून तिथल्या नव्या कचेरीत बदलून आले आणि आम्ही औसा रोडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. पाऊस दोन वर्षं धड झालेला नव्हता. नळ आठवड्यातून एकदा यायचा, कधी तेवढाही नाही. एकदा वापरलेलं पाणी कुणी ओतून देत नसे. आंघोळ टबात बसून करायची, त्याच पाण्यात धुणं भिजवायचं आणि उरलेलं संडासला न्यायचं.

नव्या कचेऱ्यांत जागा निघत होत्या. तुमच्या आईला टायपिस्टच्या मुलाखतीचं पत्र आलं, मंगळवारचं. कॉलेजात मुली तिला झिपरी म्हणायच्या. "साहेबांसमोर अशी झिपरी जाऊ का मी?" असं तिनं चार दिवस चालवलं. माझी धाकटी बहीण परदेशात नर्स होती. तिनं मागच्या खेपेला केस सरळ करायच्या क्रीमचा एक खोका आणला होता. तिकडे आफ्रिकी बायका घरच्या घरी लावतात, असं ती म्हणाली होती.

खोक्यातला इंग्रजी कागद मी तीनदा वाचला, त्याचं मराठी करून न्हाणीच्या दारावर चिकटवलं. क्रीम ठरलेली मिनिटंच ठेवायची. मग भरपूर पाण्यानं धुवायची. मग दुसऱ्या बाटलीतलं औषध लावून क्रीमचा उरलासुरला अंश मारायचा. क्रीम केसांत राहिली तर केस तुटतात आणि कातडी भाजते, हे कागदावर ठळक छापलेलं होतं. दुसऱ्या बाटलीचं झाकण मात्र प्रवासात सैल झालेलं. तळाशी बोटभर औषध उरलं होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण क्रीममध्ये अल्कली असल्याचं कागदावर होतं आणि शाळेत शिकलेलं आठवलं, की अल्कलीला आम्ल मारतं. लिंबाचं पाणी चालेल, असं मी ठरवलं. क्रीम गेली की नाही हे ओळखायची युक्तीही काढली. मुरगळलेल्या पायावर हळद-चुना लावताना हळद लाल होते ना, तसंच या क्रीमनंही होणार. जुन्या धोतराच्या पट्ट्या हळदीत भिजवून वाळवल्या. धुतल्यावरच्या पाण्यात पट्टी बुडवायची. पिवळी राहिली की केस स्वच्छ. या युक्तीचा मला अभिमान वाटत होता.

आठवडाभर साठवून सात घागरी भरल्या होत्या. रविवारी तुमचे आजोबा दुष्काळी कामं बघायला औशाकडे गेले आणि आम्ही सुरुवात केली. घड्याळ लावून क्रीम ठेवली, वेळ होताच तुमची आई टबावर वाकली आणि मी पाणी ओतू लागले.

तीन घागरी झाल्यावर पट्टी बुडवली. लाल झाली. चौथ्या घागरीनंतरही लाल.

"आई, कानामागं चुरचुरतंय."

"जरा थांब, निघेल आता."

पाचवी घागर गेली, सहावी गेली. पट्टी कुंकवासारखी लाल. तिच्या मानेवर कातडी तांबूस दिसायला लागली. सातवी घागर संपली तेव्हाही पट्टी लालच होती. त्या दिवसांत शेजारी पाणी मागायला जीभ उचलत नसे. मी ओल्या हातांनीच शेजारच्या काकूंची कडी वाजवली. त्या निलंग्याकडच्या, मुलाच्या शाळेसाठी लातुरात आलेल्या. काही न विचारता घागर कमरेवर घेऊन माझ्यामागे आल्या.

"पोरीला भाजलं का काय, बाई?"

"औषध निघत नाही हो. हे बघा, अजून लाल येतंय."

काकूंनी पट्टी बघितली, मग टब बघितला. "कुठलं पानी बघायलात तुमी?"

"हेच, टबातलं."

"आवो, पैल्या घागरीचं औषध बी ह्याच टबात हाय की. ह्यात आख्खी मांजरा नदी वतली तरी लालच यायचं."

काकूंनी एक बट धरून नव्या पट्टीवर पिळली. पिवळी. दुसरी बट, पिवळी. कपाळावरचीही पिवळी. डाव्या कानामागची बट पिळली तर पट्टी लाल झाली. टबाकडे बघत बघत मी सगळं पाणी एकाच बाजूनं ओतलं होतं.

मग काकूंनी ओतलं आणि मी कानामागचे केस बोटांनी मोकळे करत गेले. त्यांची अर्धी घागर संपली तेव्हा तिथली पट्टी पिवळी राहिली. बाटलीतलं बोटभर औषध तेवढ्याच जागी लावलं, बाकी केसांना लिंबाचं पाणी. ते धुतल्यावर खोबरेल तेल कोमट करून केसांना लावलं, टाळूला हात न लावता.

"सायब लोक केस बघून नोकरी देतेत व्हय गं?" काकूंनी तुमच्या आईला विचारलं.

"नाही काकू, टायपिंग बघतात."

"मग बोटाला लावायचं की ते औषध."

तुमची आई हसली. मला हसू आलं नाही. दिवसभर तिला केस बांधू दिले नाहीत, विंचरूही दिले नाहीत. रात्री तिनं झोपेत कूस बदलली की मी उठून बसायचे.

सोमवारी सकाळी मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकापासून वर विंचरायला बसले. पुढचे, मागचे केस सरळ आणि शाबूत होते. डाव्या कानामागे कातडीचा एक पापुद्रा निघाला आणि कंगव्यात करंगळीएवढा झुपका आला. मी तो मांडीवर पसरून एकेक केस मोजायला लागले.

"मोजू नकोस, आई. विंचर."

पुन्हा कंगवा फिरवला. चार केस आले. पुन्हा फिरवला, दोन आले, तेही जुने गळके. मग भांग दुसऱ्या बाजूला पाडून पाहिला. कानामागची जागा झाकली गेली. आदल्या दिवसापासून चहाखेरीज माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. मी दोघींची जेवणाची पानं घेतली.