चिमूटभर हळद आणि अश्मयुगातलं जनावर

ओवी, नील, तुमच्या आजोबांनी आयुष्यात एकच शोध लावला आणि तो मी बुडवला. तुम्हाला म्हणे शाळेत 'आमच्या घरातले संशोधक' यावर लिहायचं आहे. तेव्हा खरं काय ते माझ्याकडूनच घ्या. तुमचे बाबा त्यात वाघ घालतील!

तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो. माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. आजोबा आठवडाभर कचेरीत टाइप करायचे आणि सुटीत टेकडीवरच्या उघड्या कातळावर टेप घेऊन रांगायचे. तिथे त्यांना कोरलेलं एक जनावर सापडलं होतं. (मला ते फुगलेल्या उशीसारखं दिसायचं. नवी सून, म्हणून बोलले नाही.) रविवारी इतिहासाचे एक प्राध्यापक कॅमेरा घेऊन येणार होते. त्यांना पटलं, तर आजोबांचं टिपण छापून येणार!

"अगं, रेघा पुसट आहेत. फोटोत नुसता दगड दिसेल," शनिवारी आजोबा कातळावर बसून कुरकुरले.

"रांगोळी भरू?"

"झकास!"

तासाभरात मी जनावर शेपटीसकट उठवलं. आजोबा टेप गुंडाळत होते. पण नुसती पांढरी रांगोळी ठेवायची कशी? अशुभ! मी जनावराच्या कपाळावर हळदकुंकू वाहिलं आणि समाधानाने घरी आले.

रविवारी पाहतो तर काय, कातळावर बोटभर शेंदूर, झेंडूची माळ आणि सात नारळ! जनावराचा पायही दिसेना.

प्राध्यापक पुढे झाले, तशी खालच्या पाड्यातली एक मावशी ओरडली, "ओ सायेब, चपला काढा! देवी हाय!"

"बाई, हे हजारो वर्षांपूर्वीचं चित्र आहे," आजोबा कळवळले.

"मग? एवढी जुनी देवी, आन् तुम्ही तिच्यावर उभे!"

प्राध्यापकांनी चपला काढल्या.

"पण देवी आहे असं सांगितलं कोणी?" आजोबांनी विचारलं. मी हळूच त्यांच्यामागे सरकले.

"ही काय! काल हिनंच पहिली हळद वाहिली, म्या बघितलं ना! ये गं पोरी, नारळ तुझ्यासाठीच ठेवलेत."

आजोबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी सातही नारळ फोडले. करणार काय?

दिसलं नाही ते लिहिता येत नाही, असं सांगून प्राध्यापक खोबरं चघळत गेले. आजोबा टेकडी उतरले. पायथ्याशी एवढंच म्हणाले, "कुंकू तरी वगळायचंस."

पुढे त्या शेंदराभोवती चौथरा झाला, मग देऊळ. जनावर फरशीखाली आहे. देवळावर अजून पाटी आहे: 'अतिप्राचीन देवस्थान'. आजोबांचं म्हणणं लेखी मान्य झालं ते तेवढ्या एकाच ठिकाणी, आणि तेही माझ्यामुळे!