ट्रेलरच्या तोंडचा शेंदूर

ज्या जिल्ह्यानं एका उन्हाळ्यात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या जिल्ह्यातल्या आमच्या नगर परिषदेला सरकारनं पुरासाठी बोट दिली. सोबत बोट वाहून न्यायला दोन चाकांचा ट्रेलर. मी तिथल्या अग्निशमन केंद्रात नोकरीला. आग विझवायला पाणी कुठून आणायचं, या विवंचनेत आमचा जन्म गेलेला.  बोट आली तेव्हा आमच्या ड्रायव्हरमामांनी तिच्याभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "आन् हिला चालवायची कशात?"

ते शिकायला मला नांदेडला पाठवलं. विष्णुपुरीच्या धरणावर आमचं प्रशिक्षण झालं. एवढं पाणी एका जागी बघून मला पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही. शिकवणारे गृहस्थ मात्र बोटीपेक्षा ट्रेलरवरच जास्त बोलायचे. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस आहे का बघा, उभ्या उभ्या टायर कुजतात ते बघा, मागचे दिवे लावून बघा. आणि सगळ्यात आधी जोडणी बघा. जीपच्या मागे लिंबाहून थोडा मोठा लोखंडी गोळा असतो, ट्रेलरच्या तोंडाला पालथी वाटी असते. वाटी गोळ्यावर नीट बसली की खटका पडतो. खटका पडला नाही तर ट्रेलर हलवायचा नाही, मग समोर कलेक्टर उभे असोत. हे मी पाठ करून परत आलो.

पहिल्याच खंडेनवमीला घोळ झाला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, छिन्नी, हातोडा, कुऱ्हाड, सगळं धुऊन मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही वापरायचं नाही. ट्रेलरही हत्यारच. मामांनी चाकांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला आणि तेलात कालवलेला शेंदूर घेऊन जागा शोधू लागले. ट्रेलरला तोंड एकच, ती वाटी. मामांनी ती आतून बाहेरून चांगली माखली. मी म्हणालो, "मामा, आत नको, तिथं गोळा बसतो." मामा म्हणाले, "गोळा हाय कुठं सध्या? देवाच्या तोंडाला लावलं तर काय बिघडतंय?"

पुढच्या वर्षी दुसरा हात बसला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. मारुतीवर चढतो तसा शेंदूर चढत गेला. ट्रेलरला कुठं जायचं नव्हतं, कारण जायला पाणी नव्हतं. सराव म्हणजे बोट ट्रेलरवरच ठेवून आम्ही लाइफ जॅकेट घालून तिच्यात बसायचो आणि फोटो काढायचो. मग केंद्राबाहेर भाजी विकणाऱ्या बाईनं शनिवारी तेल वाहायला सुरुवात केली. नगरसेवकपदाचे उमेदवार अर्ज भरायच्या आधी येऊन नारळ ठेवू लागले. ज्यांचा निकाल चांगला लागला त्यांनी वर पत्र्याचं शेड करून दिलं. बोटीला शेड नव्हतं. ट्रेलरच्या तोंडापुरतं होतं.

पावसाळ्याआधी जिल्ह्यावरून साहेब पाहणीला यायचे. मी मनाशी ठरवायचो, या वेळी साहेब वाटीत बोट घालून बघतील आणि मामांची चांगली खरडपट्टी काढतील. साहेब शेडजवळ आले की बूट काढायचे. लांबूनच हात जोडायचे. "छान ठेवलंय," म्हणायचे. पाहणी झाली.

मी माझ्या परीनं देखभाल करत होतो. चाकं वर उचलून फिरवून बघायचो, बेअरिंगला ग्रीस भरायचो, टायरची जागा बदलायचो. मागच्या दिव्यांच्या वायरी उंदीर खायचे, त्या जोडायचो, उंदीर परत खायचे. एकदा मात्र मी स्क्रू-ड्रायव्हरनं वाटीतला शेंदूर जरा खरवडला. त्याच आठवड्यात माझी मोटारसायकल पंक्चर झाली. सगळ्या केंद्राला कारण माहीत होतं. घरी बायकोलाही माहीत होतं, तिला कुणी सांगितलं देव जाणे. त्यानंतर मी जीपच्या गोळ्याला तेवढं ग्रीस लावत राहिलो. त्या गोळ्याची देखभाल अख्ख्या मराठवाड्यात तशी कुणी केली नसेल.

मग एका वर्षी पाऊस थांबायचं विसरला. नवरात्र बसलं तरी पडतच होता. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा आखाडा निलंग्याच्या पुढं मांजरा नदीच्या काठाला आहे. आखाडा म्हणजे शेतातलं घर. ती आणि दाजी तिथंच राहतात. खंडेनवमीच्या सकाळी आमची पूजा नुकतीच आटोपली होती आणि आक्काचा फोन आला.

"पाणी गोठ्याला लागलंय. काळजी करू नको. सहज केला फोन."

"तुम्ही गावात का गेला नाहीत?"

"घट बसलेत नव्हं. उद्या घट उठल्याबिगर घर कसं सोडू?"

"दाजी कुठं आहेत?"

"त्येनी पत्र्यावर हायेत. म्हशी सोडून दिल्या. ठेवते, बॅटरी उतरून राहिली."

आई गेली तेव्हा मी पहिलीत होतो आणि आक्काचं लग्न व्हायचं होतं. माझं नाक पुसण्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं तिनं केलं. ती "काळजी करू नको" म्हणते तेव्हा काय असतं ते मला माहीत आहे. मला भीती वाटली.

तेवढ्यात तहसीलमधून निरोप आला, मांजरेकाठी माणसं अडकली आहेत, बोट घेऊन निघा. मामांनी जीप मागं घेतली. नवरात्रात ते अनवाणी असतात, चिखलात पाय घट्ट रोवून त्यांनी ट्रेलरचं तोंड उचललं. आम्ही वाटी गोळ्यावर ठेवली. वाटी बसेना. वाटीत वाटी राहिलीच नव्हती, शेंदराचा गोळा झाला होता. गोळ्यावर गोळा कसा बसणार? आम्ही दाबलं, वरून उभे राहिलो, हलवून पाहिलं. खटका काही पडेना.

कुणी म्हणालं, दोरीनं बांधून नेऊ. उतारावर एवढं ओझं सुटलं तर ते आमच्याच पाठीत शिरलं असतं. कुणी म्हणालं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकू. पण एवढी जड बोट तिकडं पाण्यात उतरवायची कशी?

"छिन्नी आणा," मी म्हणालो.

सगळ्यांनी पूजेच्या पाटाकडं पाहिलं. छिन्नी पूजेत होती. हातोडाही पूजेत होता. दोघांनाही कुंकू लावून, फुलं वाहून आम्हीच बसवलं होतं.

मामा म्हणाले, "उद्या उत्तरपूजा होऊ दे. आज हत्याराला हात लावायचा न्हाई. आन् देवाला तर छिन्नी लावायचीच न्हाई."

माझं डोकं फिरलं. मामा माझ्याहून वयानं मोठे, तोवर मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. "मामा, तिकडं माझी बहीण घट उठायची वाट बघत बसलीय, आणि इकडं तुम्ही उत्तरपूजेची. मधल्या मधे नदी कुणासाठी थांबलेली नाही!" असं म्हणून मी पूजेतली छिन्नी उचलली. झेंडूचं फूल खाली पडलं. ते मी परत पाटावर ठेवलं, तेवढी अक्कल तेव्हाही होती.

वरचा शेंदूर सकाळचा होता, ओला, बोटाला आला. खालचा दगड झाला होता. डिझेल ओतलं आणि ठोकायला लागलो. खपल्या निघू लागल्या. एकेक वर्ष निघत होतं. एका थरात अक्षता, एकात नारळाची शेंडी, एकात कुठल्याशा उमेदवारानं चिकटवलेला रुपया. मामा काही वेळ पाठ करून उभे होते. मग आले, खाली बसले आणि पडलेली प्रत्येक खपली आपल्या टोपीत गोळा करू लागले. तळाशी कारखान्यातून आलेलं ग्रीस निघालं. जसंच्या तसं, ताजं.

वाटी गोळ्यावर ठेवली. खटका पडला.

मामांनी शेंदराची टोपी स्टिअरिंगसमोर ठेवली आणि जीप अशी हाणली की मागचे दिवे लागत नाहीत हे मला सांगायलाही सवड मिळाली नाही. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "आक्का भेटू दे, मग मला काय बोलायचं ते बोल."

पाणी रस्त्यावरच भेटलं. ट्रेलर मागं घेतला, बोट अलगद उतरली, विष्णुपुरीला शिकवलं होतं अगदी तशी. मामांनी आधी टोपी पाण्यात रिकामी केली, विसर्जन केलं, मग बोटीला ढकललं.

आक्का पत्र्यावर दाजींच्या शेजारी बसली होती. मांडीवर घट. घटातलं धान वीतभर वाढलेलं, पिवळंधमक. मी हात पुढे केला तर म्हणाली, "आधी ह्याला धर." घट बोटीत आला, मग ती आली, शेवटी दाजी. दाजींनी विचारलं, "म्हशी दिसल्या का?" म्हशी गावच्या शाळेच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांना घट उठायची वाट बघायची नव्हती.

काठावर उतरल्यावर आक्काला घट ठेवायला कोरडी जागा सापडेना. तिनं तो ट्रेलरच्या दांडीवर टेकवला आणि तिचं लक्ष त्या तोंडाकडं गेलं. डिझेल, ओरखडे, कडेला राहिलेला शेंदूर.

"ह्ये कुणी खरवडलं?"

मामांनी नदीकडं पाहिलं.

"मी," मी म्हणालो.

"आज? खंडेनवमीला?"

"हाव."

 तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. मग ती वळली आणि घटातलं मूठभर धान उपटलं. घट उठायला अजून एक दिवस होता. दसऱ्याला बहीण भावाच्या डोक्यावर धान खोचते, तसं तिनं ते माझ्या हेल्मेटच्या पट्ट्यात खोचलं, मामांच्या रिकाम्या टोपीत खोचलं आणि उरलेलं घेऊन ट्रेलरपुढं वाकली.

"वाटीत नको, आक्का."

"कळतंय मला," ती म्हणाली, आणि तिनं ते मागं जाऊन न लागणाऱ्या दिव्याच्या वायरीत खोचलं.

मी टायरमधली हवा बघायला म्हणून चाकाआड खाली बसलो. टायरमध्ये हवा होती. तरी मला उठायला वेळ लागला.