दाराआडची बादली

इंग्लंडातल्या साउथ शील्ड्स बंदरात, गोदीमागच्या गल्लीत राहणारी हिल्डा ट्वेडल जन्माची संशयी. दूधवाल्याने हसून बघितलं तरी ती दूध पुन्हा मापून घ्यायची. नवरा रॅल्फ मालबोटीवर स्वयंपाकी. महायुद्धात मालबोटींच्या ताफ्यातून जाताना त्याची बोट बुडाली आणि तो जिवंत परतला. त्याच्या हाताखाली काम करणारा सेप, हिल्डाचा भाऊ, परतला नाही. त्याच्याबद्दल रॅल्फ अवाक्षर काढेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एरवी रॅल्फ केवढा बढाईखोर! सुट्टीवर आला की म्हणायचा, "बोटीवर मी राजा. घाणीची बादली तुझा भाऊ उचलतो, मी बोट लावत नाही."

आता मात्र घरची बादली तोच सांभाळायचा. बटाट्याच्या साली डुकरांसाठी कोपऱ्यावरच्या पिंपात सगळी गल्ली दिवसाढवळ्या टाकी. हा बादली दाराआड झाकून ठेवी आणि काळोख पडल्यावर नेई.

"साली कोण लपवतं गं?" शेजारीण बेला म्हणाली. "खाली काळ्या बाजारातलं लोणी असणार. कुणाला पोचवतोय ते बघ."

हिल्डाने तळापर्यंत हात घालून पाहिलं. नुसत्या साली. तरी चैन पडेना. एका दुपारी तिने सरळ बादली उचलली. रॅल्फने धावत येऊन तिचं मनगट धरलं.

"उजेडात नको."

"का? पिंप चावतं?"

तो खाली बसला. "ताफ्यात कचरा काळोखातच टाकायचा. दिवसा टाकला की साली मागे तरंगत राहतात, पाणबुडीला माग लागतो. त्या दिवशी दुपारीच टाकला गेला. संध्याकाळी टॉर्पेडो बसला. इथे गल्लीत पाणबुडी नाही, कळतं मला. पण हात धजत नाही."

"कुणी टाकला?"

"मी," तो लगेच म्हणाला.

हिल्डा त्याच्याकडे बघत राहिली. बादलीला बोट न लावणारा राजा. आणि सेप, त्याला लहानपणापासून घाणीचा वास सोसायचा नाही; काळोखाची वाट बघणं त्याला कुठलं जमणार? इतके दिवस तिला खरं हवं होतं. आता ते नको झालं.

वरच्या खोलीतून हिल्डाच्या आईने हाक मारली. ती अजून सेपचे लोकरी मोजे रफू करत बसायची. "काय म्हणतोय गं रॅल्फ? सेपचं काही बोलला?"

"बोलला, आई. सेपचं काम चोख होतं म्हणाला."

मग हिल्डाने बादली पुन्हा दाराआड ठेवली, वर फडकं टाकलं आणि काळोख पडेपर्यंत ती नवऱ्याशेजारी बसून राहिली.