आखाजीचा मुऱ्हाळी

धुळ्यातल्या एका निवारागृहाच्या फाटकाशी मी सहा वर्षं बसते आहे. घरातली मारहाण सोडून पळालेल्या बाया तिथे राहतात. फाटकावर कोणीही येवो, अगदी सख्खा बाप आला तरी उत्तर एकच: इथे अशी कोणी नाही, काय ते ऑफिसात अर्ज देऊन विचारा. फाटकावर कामाला येणाऱ्या नव्या पोरींकडून हे मीच घोकून घेते, आणि चुकल्या की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. म्हणून हे सांगताना जास्तच लाज वाटते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. या सणाला खानदेशातल्या सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तोच मुऱ्हाळी. त्याला दारातून परत पाठवणारं घर आमच्याकडे माणसांचं समजत नाहीत. माझा भाऊ जळगावहून एसटीनं यायचा, आंब्यांची पिशवी मांडीवर धरून. त्याला जाऊन चार वर्षं झाली, पण आखाजी जवळ आली की माझे डोळे अजून रस्त्याकडेच.

भर दुपारी फाटकाच्या झरोक्यातून एक माणूस दिसला. हातात पिशवी, वर आंबे. अदबीनं नमस्कार केला. आमच्याकडे राहणाऱ्या, दोंडाईचाकडच्या एका बाईचं नाव घेतलं आणि म्हणाला, "अक्का, मी तिना भाऊ शे. आखाजीले लेवाले उनू."

आणि मी मेलीनं सांगितलं, थांबा भाऊ, बोलावते तिला.

ती आत गहू निवडत होती. येऊन बारा दिवस झाले होते. पहिले आठ दिवस नुसती कडी वाजली तरी पलंगाखाली शिरायची. आता कुठे चार घास पोटात जायला लागले होते. मी हसत हसत म्हटलं, ऊठ गं, मुऱ्हाळी आलाय तुझा. तिचा हात सुपातच थांबला.

"माले भाऊच नही, अक्का," ती म्हणाली. मग अगदी हळू विचारलं, "वरना ओठवर वण शे का?"

होता. मी पाहिला होता.

"तो मना नवरा शे."

तोवर त्याला नुसता संशय असेल. ती इथेच आहे हे मी माझ्या तोंडानं त्याला सांगून बसले होते. फाटकाला कुलूप होतंच, तरी धावत जाऊन वरून साखळी घातली. बैल गेला नि झोपा केला. पोलिसांना फोन लावला, निवारागृह चालवणाऱ्या मॅडमना लावला. बाया पोरांना घेऊन मागच्या खोलीत गेल्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तर सगळ्या दचकलो. तो ओरडला असता, दगड मारला असता, तर एक वेळ बरं वाटलं असतं. तो नुसता बोटानं फाटकावर टकटक करायचा, थांबायचा, आणि इथेच आहे म्हणून गोड आवाजात सांगायचा, "अक्का, मी आठेच शे." मी भिंतीला पाठ लावून बसले होते. इतकी मी माझ्या नवऱ्यालाही कधी भ्याले नव्हते, आणि तो काही देवमाणूस नव्हता.

पोलिसांची गाडी आली तेव्हा रस्ता मोकळा होता. पिशवी फाटकाला अडकवलेली होती. त्या आंब्यांना कोणी हात लावला नाही.

आता तिला तिथे ठेवणं शक्य नव्हतं. ऊन उतरायच्या आत दुसऱ्या गावी हलवायचं मॅडमनी ठरवलं. मी तिचे दोन कपडे भरले, पोळ्या बांधल्या, चुकले गं म्हणून हात जोडले. तिनं पोळ्या तेवढ्या घेतल्या.

गाडीत बसल्यावर तिनं मॅडमचा हात धरला आणि माझ्यादेखत म्हणाली, "नवी जागा अक्काले सांगू नका."

मॅडमनी मान हलवली. मी साखळी काढून फाटक उघडून दिलं.